बिळाच्या तोंडाशी बसलेली मुंगी

३ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा तळघर! वर टायरचं दुकान, खाली हा क्लास. रबराचा वास अंगाला चिकटून घरापर्यंत येतो. सुनेचा हुकूम — चौदा वर्षांची पोर एकटी तळघरात जाणार नाही, आजी सोबत जाईल. म्हणजे काळजी तिची आणि गुडघे माझे.

पोरं दहाबारा, सगळी मिसरूड फुटायच्या बेतातली. पोरी दोनच. एक आमची नात, दुसरी तिची जोडीदारीण चष्मिस. चष्मिसची आई इस्त्रीवाली. पोरगी बोलते कमी आणि चष्मा पुसते जास्त.

शिकवणारा टकल्या. वय तिशीच्या आतलं, पण डोक्यावर शपथेलाही केस नाही. मला म्हणाला, “आजी, इथं मुलं गेम खेळत नाहीत. गेम खेळणारं मशीन तयार करतात. कोडिंग आणि एआय!” म्हटलं, बरं, करा. माझं काय जातं.

पडद्यावर मुंग्या. या बाजूला दोन, त्या बाजूला दोन. दाणे वेचायचे आणि आपल्या बिळात नेऊन टाकायचे. ज्यांच्या बिळात दाणे जास्त ते जिंकले. समोरचीला चावता येतं. चावलेली उताणी पडते आणि पाय झाडत राहते. जोडीदारणीनं येऊन सरळ केलं तर ठीक, नाहीतर पडली ती पडली. आमच्या सासरी हेच चालायचं, फक्त मुंग्या मोठ्या होत्या.

आणि सामन्यात पोरांनी बोटही लावायचं नाही! मुंगी आधीच शिकवून तयार करायची. थोडं कोडिंग लिहून, थोडं स्वतः खेळून दाखवून. माणूस जसा खेळतो ते बघून बघून ती शिकते. मग सामन्यात ती एकटी. नांदायला पाठवल्यासारखी.

४ सप्टेंबर

गुडघ्यांनी जिना लक्षात ठेवलाय. नात म्हणाली, “चोळून देऊ?” म्हटलं, हे विचारायला संध्याकाळ उजाडावी लागली का? चोळले. हात चांगला आहे कारटीचा.

७ सप्टेंबर, शनिवार

शनिवारी तळघरात हरलेल्याची वरात निघते. आठवड्यात जो तळाला गेला त्याचा सामना मोठ्या पडद्यावर पुन्हा लावतात. त्यानं उभं राहून सांगायचं, माझ्या मुंगीनं काय मूर्खपणा केला. बाकीच्यांनी सावकाश टाळ्या वाजवायच्या. टप्… टप्… टप्… टकल्या म्हणतो, चूक चारचौघांत दिसली की परत होत नाही. हे मला पटलं. त्याच्या डोक्यात केस नसले तरी बाकी काहीतरी आहे.

आज चष्मिसची पाळी. तिची मुंगी दाणा तोंडात धरून निघाली होती. वाटेत जोडीदारीण उताणी पडलेली दिसली. हिनं दाणा टाकला, तिला सरळ करायला गेली आणि मागून चावा खाल्ला. दोघी उताण्या!

“दयाळू मुंगी!” एक पोर ओरडलं. सगळे खिदळले.

चष्मिस चष्मा काढून पुसत राहिली. “माझ्या मुंगीनं… दाणा टाकायला नको होता.”

“जोरात!” टकल्या.

“दाणा टाकायला नको होता!”

टप्… टप्… टप्…

आणि जिला वाचवायला गेली ती मुंगी कुणाची? आमच्या नातीची! टाळ्या नातीनंही वाजवल्या. खाली मान घालून, पण वाजवल्या. मनात म्हटलं शाबास. ही पोर जगेल.

१० सप्टेंबर

जेवताना नातीनं बातमी फोडली. महिनाअखेर मोठी स्पर्धा. जिंकेल त्या जोडीतल्या दोघांना लांबच्या मोठ्या शाळेत घेणार. तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, सगळं फुकट. बोलताना घास हातातच राहिला तिचा.

माझा मुलगा काच कापतो. आरसे, फोटोच्या चौकटी, खिडक्यांची तावदानं, दुकान आहे त्याचं. बोलतोही तसाच. एक रेघ मारायची आणि तोडायचं.

“जिंकलीस तर जा. हरलीस तर क्लास बंद. शाळा सुटली की दुकानात बसायचं. मला माणूस हवाय.”

“बाबा, पण पुढच्या वर्षी परत—”

“पुढच्या वर्षी काचाच.”

सुनेच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पोर जावी असं तिला वाटतंय. आई असून!

११ सप्टेंबर

सून माझ्या खोलीत टेप घेऊन नातीची खाट मोजत होती. “काही नाही आई, सहज.” सहज कोणी खाट मोजत नाही.

१२ सप्टेंबर

कळलं! मी न्हाणीघरात आहे असं समजून बाईसाहेब फोनवर आपल्या आईशी बोलत होत्या. “ती गेली की खाट रिकामीच. तू ये खुशाल. सासूबाई असतात खोलीत, पण त्यांचं काय, पिकलं पान.”

विहीणबाई माझ्या खोलीत! ती बाई रात्री घोरते आणि दिवसा बोलते, आणि दोन्हीचा आवाज एकच. आणि पोर गेली की गुडघे कोण चोळणार? औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर कोण वाचणार? सून? तिनं चोळले तर गुडघे जागेवर राहायचे नाहीत.

ठरलं. नात जाता कामा नये. पिकलं पान काय! देठ बघा म्हणावं आधी.

१४ सप्टेंबर, शनिवार

टकल्या आज भडकला होता. टेबलावर हात आपटत होता. “तुम्ही सगळे तेच तेच व्हिडिओ बघता आणि तसंच खेळता! मग मुंग्या तेच शिकतात! तुमच्या दहा मुंग्या म्हणजे एकच मुंगी दहा वेळा आहे! बाकीच्या क्लासच्याही अशाच असणार. तिला वेगळं काहीतरी दाखवा!”

पोरं एकमेकांकडे बघत बसली. आमची मात्र माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिटून घेतले. कारटी असं बघते तेव्हा काहीतरी मागणार असते.

१५ सप्टेंबर, रविवार

मागितलंच. दुपारी लॅपटॉप आणि तो दोन कान असलेला रिमोट घेऊन खाटेवर येऊन बसली.

“आजी, माझ्यासाठी खेळशील?”

“मी? मला चालू कुठून करतात ते माहीत नाही.”

“म्हणूनच. तू आमच्यासारखं खेळणारच नाहीस. मशीन काहीतरी नवं शिकेल.”

“आणि मी वेडंवाकडं खेळले तर?”

“तर ते शिकेल. जे बघतं तेच शिकतं ते. त्याला बरं-वाईट कळत नाही.”

माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. आणि माकड बाराव्या तारखेपासून कोलीतच शोधत होतं.

“आण इकडे,” म्हटलं.

निघताना दारात थांबली. “पण कुणाला सांगू नकोस हं आजी. अगदी कुणालाच. मी खेळले असंच म्हणायचं.” का? तर नखं खात उभी. समजले मी. म्हातारीनं शिकवलं म्हटलं की तळघरातली पोरं हसतील. काम आजीचं आणि लाजही आजीचीच!

१७ सप्टेंबर

दुपारभर खेळले. असं खेळले की कुत्रं हाल खाणार नाही. दाणा एकही उचलला नाही. आपली दुसरी मुंगी उताणी पडली, तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एक नामी सुचलं. सरळ चालत समोरच्यांच्या बिळापाशी गेले आणि बिळाच्या तोंडात फतकल मारली. हलायचंच नाही! स्वतः खाणार नाही, दुसऱ्याला खाऊ देणार नाही. त्या चावल्या, मी उताणी झाले, तरी तिथंच.

नात शेजारी गणितं सोडवत होती. मान वर केली. “आजी, दाणे?”

“माझ्या मुंगीचे गुडघे दुखतात.”

हसली आणि परत वहीत डोकं. हसून घे म्हटलं.

१९ सप्टेंबर

आजही तेच. अंगठा सुजला. मजा येते, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत कुणाच्या वाटेत असं उघड बसायला मिळालं नव्हतं.

चष्मिस घरी आली होती. मी रिमोट उशीखाली सरकवला. तिनं म्हणे आपली मुंगी पुन्हा नव्यानं शिकवली. आता कोणी पडलं तरी थांबत नाही, फक्त दाणे वेचते. “दया काढून टाकली, आजी,” म्हणाली. डोळे सुजलेले. म्हटलं, बरं केलंस, चष्म्यावर पाणी कमी पडेल.

२१ सप्टेंबर, शनिवार

काम फत्ते! आज नातीनं नवी मुंगी टकल्याला दाखवली. तो तिच्या खुर्चीमागे उभा. मी भिंतीशी बसले होते, पडदा दिसत नव्हता, पण त्याचं तोंड दिसत होतं. आधी कपाळाला आठी. मग तोंड उघडं. मग एकदम हात पुढे करून पडदाच बंद केला! इतर पोरं डोकावत होती त्यांना हाकललं. नातीला कोपऱ्यात नेऊन काहीतरी कुजबुजला. नातीनं मान हलवली. त्यानं माझ्याकडे बघितलं. बघितलं ते बघितलं, आणि टकलावरून हात फिरवला.

दाखवण्याच्याही लायकीची राहिली नसणार. मी घरी येताना जिना न थांबता चढले.

२२ सप्टेंबर

सुनेला म्हटलं, खाटेला नवी चादर आणायची घाई करू नकोस हो. तिला कळलं नाही. कळेल.

२८ सप्टेंबर, शनिवार

मोठा हॉल. ठिकठिकाणचे क्लास आलेले, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. समोर भिंतीएवढा पडदा. मुलगा दुकान बंद करून आला होता, सूनही. मुलगा माझ्या कानात म्हणाला, “आई, हरली की लगेच निघू. उद्या ऑर्डर आहे.” म्हटलं, निघू.

पहिला सामना. चष्मिसची मुंगी सुटली ती दाण्यांवर. आणि नातीची? हळूहळू, जराशी तिरकी, मध्येच थांबत, माझ्यासारखीच, कंबर धरून चालल्यासारखी! सरळ गेली समोरच्यांच्या बिळापाशी. बसली! बसल्यावर एकदा कुल्ले सरकवल्यासारखी हलली. मी करते तशी.

समोरच्या मुंग्या दाणे घेऊन परत आल्या. बिळात जाता येईना. मागे फिरल्या. परत आल्या. परत मागे. दाणे तोंडात, आणि दोघी बिळाभोवती गोल गोल! त्यांना कोणी हे दाखवलंच नव्हतं ना. पोरांनी शिकवलेल्या त्या. बिळाच्या तोंडात कोणी नुसतं बसून राहील हे कुठल्या पोराच्या डोक्यात येणार? एक चावली. आमची उताणी पडली. पडली तरी बूच ते बूचच!

चष्मिसची मुंगी तोवर एकेक दाणा नेत होती. जिंकलो.

दुसरा सामना, तेच. तिसरा, तेच. लोक आधी हसत होते, मग उभे राहायला लागले. मुलगा ओरडायला लागला, “बस! बस! हलू नकोस!” काच फुटल्यासारखा आवाज त्याचा. सुनेनं माझा दंड धरला होता. धरला आहे हे तिच्याही लक्षात नव्हतं.

जिंकल्या. दोघी पोरी जिंकल्या. मी बिघडवलेली मुंगी जिंकली!

एवढ्यावर थांबलं असतं. पण मोठ्या शाळेची बाई व्यासपीठावर आली, केस कापलेली, आवाज गोड. नातीच्या खांद्यावर हात ठेवून माईकवर म्हणाली, “दाणे सगळेच वेचतात. पण दुसऱ्याच्या दारात बसून राहायचं, हे डोकं विलक्षण आहे! कसं सुचलं तुला?”

नात म्हणाली, “असंच… सुचलं.”

टाळ्या. सावकाश नाही, खऱ्या. बाई तिच्याकडे बघत होती, सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. आणि मी कोपऱ्यात, सुजलेला अंगठा घेऊन. जिची लाज वाटते ती आजी. मला राहवलं नाही. उठले.

“तिला काय सुचतंय! ती मुंगी मी बसवली!”

हॉल हसला. मला वाटलं, आता कसं. बाईही हसली. “म्हणजे आजी, तुम्ही कल्पना दिलीत?”

“कल्पना कसली? खेळले! दुपारच्या दुपार! हिनं बोटसुद्धा लावलं नाही. विचारा तिला!”

टकल्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. नात माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती. बाईचं हसू हळूहळू उतरलं. मग टेबलामागे डोकी एकत्र आली.

नियम असा की मुंगीला ज्यानं त्यानं स्वतःच खेळून शिकवायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागला की बाद. मला कोणी सांगितलं होतं? “कुणाला सांगू नकोस” म्हणजे हे, असं सरळ सांगता येत नव्हतं?

बाईनं नातीला विचारलं, तुझ्या सरांना माहीत होतं का. नात म्हणाली, “नाही. कुणालाच नाही. मीच केलं.”

नातीचं नाव कापलं. चष्मिसची मुंगी तिनं स्वतः शिकवलेली, दाणेही सगळे तिनेच नेलेले. जागा तिला एकटीला.

नियम ठाऊक असता तर गप्प बसले असते का? सांगता येत नाही. त्या टाळ्या मला सोसवल्या नाहीत, एवढं खरं.

२९ सप्टेंबर

नात बोलत नाही. मुलगा म्हणाला, “आई, तुझं तोंड शिवायला हवं होतं.” सुनेनं जेवण ताटात वाढलं ते असं, की भांड्याचाच आवाज जास्त.

असो. मला जे हवं होतं ते झालं. नात इथं, खाट भरलेली, विहीण तिकडे. जिंकले म्हणायचं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

क्लास बंद. शाळा सुटल्यावर नात दुकानात. चहा घेऊन गेले. काचेच्या कडा पुसायला बसवलंय तिला. पहिल्याच दिवशी बोट कापलं. तिचा बाप असून माझा मुलगा म्हणाला, “रक्त काचेला लावू नकोस. गिऱ्हाईकाची आहे.”

तिनं बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं पुसत राहिली.

मी चहाचे कप उचलून आले.

३ ऑक्टोबर

नातीनं आपली गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. “तिथं वारा लागतो,” म्हणाली. माझ्याशी नाही, भिंतीशी. आज चार दिवसांत ऐकलेलं पहिलं वाक्य.

गुडघे चोळले नाहीत.

५ ऑक्टोबर

सून आज फारच गोड. “आई, ती काही आता तुमच्या खोलीत झोपत नाही. मग खाट उगीच अडवून काय करायची?”

६ ऑक्टोबर, रविवार

विहीणबाई आल्या. तीन पिशव्या, एक उशी, आणि तोंड. खाटेवर बसता बसता म्हणाल्या, “ऐकलं सगळं. पोरीचं नशीबच नाही हो. आणि तुम्ही तरी काय करणार, वयच असं!” मग माझ्याच उशीला टेकून झोपल्या. घोरण्यात आणि बोलण्यात मध्ये जागा सोडली नाही.

चष्मिस निरोप घ्यायला आली होती. नातीनं तिला दारात मिठी मारली. ती रडली, आमची नाही. तिचा चष्मा आमचीनं पुसून दिला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

टकल्या आला! मला वाटलं मुलाकडे आला असेल, आरसाबिरसा हवा असेल, पण आरसा घेऊन तो करणार काय? तर माझ्याचकडे आला होता. खुर्चीच्या कडेवर बसला.

“आजी, झालं ते झालं. डिसेंबरात दुसरी स्पर्धा आहे, मोठी. तिथं कोणीही खेळून शिकवलेली मुंगी चालते. तुम्ही क्लासला या. सगळ्या मुलांच्या मुंग्यांसाठी खेळा. अहो, तुमच्यासारखं खेळणारं माणूस मला कुठं मिळणार?”

“आणि नात?”

टकलावरून हात. “तिचं नाव आता… जरा अवघड आहे. क्लासवर शंका येते. तुम्ही समजून घ्या.”

“विचार करते,” म्हटलं. मला कुणी घरी येऊन बोलावण्याची ही पहिलीच खेप. विहीणबाईंनी ऐकलं, आणि पहिल्यांदाच गप्प बसल्या.

नात दारात उभी होती. दुकानातून आलेली, कपड्यांवर काचेची भुकटी. तिनंही ऐकलं.

९ ऑक्टोबर

बोलली. मी भाजी निवडत होते. समोर येऊन बसली आणि शेंगा ओढून घेतल्या.

“जाणार तू?”

“का नाही जायचं? मान देऊन बोलावलंय.”

“सरांना माहीत होतं, आजी.”

“काय?”

“तू खेळतेस ते. मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. तो पडदा बंद केला ना, तेव्हा. मी म्हटलं, नियमात बसत नाही, काढून टाकते. ते म्हणाले, नाव तुझंच टाक. अशी मुंगी कुणाकडे नाही. आपल्या क्लासचं नाव होईल. कोण बघतंय?”

“मग हॉलमध्ये का नाही बोललीस, मूर्खे?”

“सरांना माहीत होतं म्हटलं असतं तर अख्खा क्लास बाद झाला असता. म्हणजे तीही गेली असती.” ती म्हणजे चष्मिस. “तिनं काय केलं होतं? तिनं तर दाणेच नेले.”

शेंगा सोलत राहिली. कापलेल्या बोटाला पट्टी, काळी झालेली.

“आणि तू मुद्दाम बिघडवत होतीस तेही माहीत होतं. दोन दुपारी कुणाच्या मुंगीचे गुडघे दुखत नाहीत.”

म्हटलं, शेंगा नीट सोल, दाणे उडतायत.

मूर्ख आहे ती. एका पोरीसाठी तोंड बंद ठेवलं आणि आता काचा पुसते. जगणार नाही ही पोर, माझा अंदाज चुकला. आणि तो टकल्या! तिला बुडवून माझ्या खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो! समजून घ्या म्हणे.

१० ऑक्टोबर

टकल्याला फोन करून सांगितलं, येते म्हणून. आनंदानं नाचला असेल.

दुपारी दुकान जेवायला बंद असतं तेवढ्यात नात रिमोट घेऊन आली. विहीणबाईंना बाहेर काढलं. मला शिकवायला बसली, सगळी पोरं खेळतात तसं खेळायला. दाणा उचल. बिळात टाक. पडलेलीला सरळ कर. कुणाच्या दारात बसू नकोस, आजी! ओरडते माझ्यावर. चुकले की हातावर चापट मारते.

जमायला लागलंय. डिसेंबरपर्यंत टकल्याच्या सगळ्या मुंग्या इतक्या गुणी करून ठेवते, इतक्या गुणी, की पहिल्याच फेरीत उताण्या पडतील.